प्रदेश-अभ्यासाचा प्रकल्प: बस ठरवायच्या आधीची कामं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कुठल्या तरी कॉलेजातून फोन येतोच. "सर, एम.ए.च्या मुलांना घेऊन कोकणात प्रदेश-अभ्यासाला निघालोय. बस ठरली, राहायची सोय झाली. आता मुलांना काय वाचायला देऊ?" इथे क्रमच उलटा लागलेला असतो. चार दिवस गावात फिरून, पन्नास प्रश्नावल्या भरून, देवळांचे फोटो काढून मंडळी परत येतात आणि अहवालाचं पहिलं प्रकरण लिहायला घेतल्यावर कळतं की ज्या जिल्ह्याची आकडेवारी आपण जुळवतोय, तो जिल्हा त्या वर्षी अस्तित्वातच नव्हता.

हा लेख प्रकल्प चालवणाऱ्या प्राध्यापकांसाठी आणि त्यांच्याइतकाच ग्रंथपालांसाठी आहे. हिशेब एका सत्राचा आणि बारा-पंधरा विद्यार्थ्यांचा धरला आहे. उदाहरण सगळीकडे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं घेतलंय, कारण या विषयातला जवळजवळ प्रत्येक खड्डा तिथे सापडतो. तुमचा प्रदेश वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

१. हद्द आणि काळ कागदावर आणा (पहिले दोन आठवडे)

पहिल्या तासाला भिंतीवर आजचा नकाशा लावा आणि मुलांना एकच प्रश्न विचारा: हा तुकडा १८५० साली कोणाच्या ताब्यात होता? १९०० साली? १९५० साली?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीचा "रत्नागिरी जिल्हा" म्हणजे आजचे दोन्ही जिल्हे. आणखी मागे गेलात तर मालवण आणि वेंगुर्ले १८१२ मध्ये इंग्रजांकडे आले आणि मुंबई इलाख्याचा भाग झाले. शेजारचं सावंतवाडी मात्र १९४८ पर्यंत संस्थान राहिलं आणि कुडाळ त्या संस्थानात होतं. आज कुडाळहून मालवणला एस.टी.ने सहज जाता येतं. शंभर वर्षांपूर्वी त्याच वाटेवर राज्य बदलायचं. सारा, कोर्ट, शाळा, सगळ्याचे कागद वेगळ्या हातांनी आणि वेगळ्या पद्धतीने लिहिले गेले. आणि जे पेडणे, डिचोली, सत्तरी आज आपण डोळे मिटून गोव्यात धरतो, ते अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे जाण्याआधी सावंतवाडीच्या सावंतांच्या मुलखात होते.

मुलांकडून एक तक्ता करून घ्या. उभ्या रकान्यात आजचे तालुके, आडव्या ओळीत तुम्ही निवडलेली वर्षं, प्रत्येक घरात त्या वेळची सत्ता आणि तेव्हाच्या जिल्ह्याचं किंवा संस्थानाचं नाव. तक्ता भरेपर्यंत विषयाचं शीर्षक ठरवू देऊ नका. "सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जमीनधारणा १८७० ते १९७०" असं शीर्षक मंजूर होऊन आलेलं मी पाहिलंय. त्या शंभर वर्षांत या नावाचा जिल्हाच नव्हता.

थांबा: जिल्हे इतरत्रही फुटलेत. जालना १९८१, लातूर आणि गडचिरोली १९८२, नंदुरबार आणि वाशीम १९९८, हिंगोली आणि गोंदिया १९९९, पालघर २०१४. २०११ च्या जनगणनेतला "ठाणे जिल्हा" हा पालघरसकटचा आहे. आजच्या ठाण्याशी त्याची तुलना केली की पुढचं गणित सगळं फुकट.

२. कागद कुठे गेले ते शोधा (तिसरा आठवडा)

सत्ता बदलली की दफ्तरं हलतात. पहिल्या टप्प्यातला तक्ता नीट भरला असेल तर हे काम निम्मं झालेलं असतं, कारण प्रत्येक घरातल्या सत्तेचं दफ्तर कुठे ठेवलंय एवढंच शोधायचं उरतं.

पेशवाईचे मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडी पेशवे दफ्तरात. तिथे शाहू दफ्तर, घडणी, प्रांत अजमास, आंग्रे दफ्तर असे विभाग आहेत आणि कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. मुंबई सरकारच्या महसूल आणि राजकीय खात्यांचे इंग्रजी खंड मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. पोर्तुगीज बाजू पणजीला. तिथल्या ज्या मालिकेत शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार आहे, तिचं नावच "शेजारचे राजे" अशा अर्थाचं आहे: रेइश विझिन्युश. सिंधुदुर्गावर काम करणारे नव्वद टक्के विद्यार्थी पणजीला जातच नाहीत. पोर्तुगीज येत नाही, हे कारण खरं आहे. पण निदान सूची पाहून यायला पोर्तुगीज लागत नाही. मराठवाड्याचा विषय असेल तर निजामी राजवटीचे फारसी-उर्दू कागद हैदराबादला आहेत, हे पहिल्या दिवशीच मान्य करून उर्दू वाचणारा माणूस शोधायला लागा.

आता ग्रंथपालांचं खास काम: नावांची यादी. सूचीत आपण जे नाव शोधतो ते तिथे नसतं. सावंतवाडीचे कागद "वाडी", "सुंदरवाडी" अशा नावांखालीही सापडतात. पोर्तुगीज कागदांत सावंत-भोसले हे "बोन्सुलो" आहेत. इंग्रजी वखारीच्या पत्रांत सावंतवाडीच्या खेम सावंताचा "केम सावंत" होतो, आणि तोही एकाच शब्दात जोडून लिहिलेला. सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांनी १७६५ साली घेतला तेव्हा त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. त्या प्रकरणाच्या पत्रांत "सिंधुदुर्ग" शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. प्रत्येक गाव, घराणं आणि किल्ला यांची अशी सगळी रूपं एका वहीत लिहून ती वही वाचनालयाच्या टेबलावर कायम उघडी ठेवा. पुढच्या वर्षीच्या तुकडीला तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

तपासा: प्रत्येक विद्यार्थ्याच्या विषयासमोर निदान दोन वेगळ्या ठिकाणांची नावं आहेत का? एकाच दफ्तरावर उभा असलेला विषय एकाच सत्तेच्या डोळ्यांनी पाहिला जातो.

३. घरबसल्या मिळतं ते आधी संपवा (चौथा-पाचवा आठवडा)

या टप्प्यात फार शिकवण्यासारखं नाही, चिकाटी लागते. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा दहावा खंड, १८८० चा, रत्नागिरी आणि सावंतवाडी दोहोंसाठी आहे. तो आणि इतर बरेच खंड आता स्कॅन होऊन मोफत मिळतात. प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, बघा. संशोधन-नियतकालिकांसाठी केंद्र सरकारची "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. आपलं कॉलेज तिच्यात बसतं का, हे मुलांना यादी देण्याआधी ग्रंथपालांना विचारा.

गॅझेटियर वाचताना एक पथ्य पाळा. त्यातलं जातींचं वर्णन "पुरावा" म्हणून उतरवायचं नाही. तो साहेबाच्या कचेरीत जमवलेल्या माहितीचा कागद आहे, आणि कोणी कोणाबद्दल सांगितलं हे त्यात बहुतेकदा नसतं.

जनगणनेत मात्र हमखास पाय घसरतो. तीन जागा सांगतो.

पहिली, १९८१. त्या वर्षीची मोजणी १ मार्चच्या संदर्भाने झाली आणि जिल्हा झाला १ मे रोजी. मोजणीच्या दिवशी सगळी माणसं रत्नागिरी जिल्ह्यातलीच होती. त्यामुळे १९८१ आणि त्यामागच्या वर्षांसाठी जिल्ह्याचा आकडा उचलायचा नाही, तालुक्यांची बेरीज करायची. १९४८ च्या आधी गेलात तर सावंतवाडी संस्थानाचे आकडे जिल्ह्यात नसतात, संस्थानांच्या तक्त्यात वेगळे असतात, ते मिळवायचे.

दुसरी, वाडी. कोकणात माणूस गावाचं नाव सांगताना वाडीचं सांगतो. जनगणना महसुली गाव मोजते, ग्रामपंचायत कधी दोन-तीन गावांची असते. "आमची वाडी जनगणनेत नाहीच" म्हणून रडकुंडीला आलेली मुलगी दर वर्षी एक तरी असते. तिला तलाठ्याकडचा गावनकाशा दाखवा. शिवाय २००१ आणि २०११ च्या याद्यांत गावांचे कोड वेगळे आहेत. कोडवरून जोडू नका, नावावरून आणि तालुक्यावरून जोडा.

तिसरी, निष्कर्षाची घाई. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली, आणि दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया नोंदल्या गेल्या. मुलं लगेच लिहितात, "पुरुष मुंबईला गेले." असतीलही. पण ते तक्त्यात लिहिलेलं नाही. ते तुम्हाला गावात आणि मुंबईत जाऊन दाखवायचंय. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून "सध्या" हा शब्द २०११ च्या आकड्यापुढे लावू नका.

४. लिपी आणि तारीख (दुसऱ्या आठवड्यापासून समांतर)

हा टप्पा क्रमाने चौथा लिहिला असला तरी त्याची सुरुवात फार आधी करावी लागते. मोडी दहा दिवसांच्या वर्गात ओळखीची होते, वाचता येत नाही. वर्गानंतर रोज अर्धा तास, दोन महिने, हा माझा अनुभव. पुण्यात पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, दोन्हीकडे मोडीचे वर्ग होत आलेत. बारा मुलांपैकी तिघांना जरी नीट वाचता आलं तरी गट चालतो. सगळ्यांनाच यायला हवं असा हट्ट धरला की कोणालाच येत नाही.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द सुटे नसतात, आणि मौजे, तर्फ, परगणे असे शब्द एका अक्षरापुढे दोन दंड मारून आखडलेले असतात. म्हणून गावाचं नाव आधी माहीत असेल तरच ते वाचता येतं. दुसऱ्या टप्प्यातली नावांची वही इथे कामाला येते.

पण लिपीपेक्षा जास्त चुका तारखेत होतात. एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. कागदावर आहे: "छ १२ सफर, सु॥ सीत सबैन मया व अलफ."

छ १२ सफर म्हणजे हिजरी सफर महिन्याची बारावी तारीख. सु॥ म्हणजे शुहूर सन, मराठी कागदांत वापरलं जाणारं साल. आकडे अरबी शब्दांत, एकं आधी. सीत म्हणजे ६, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. एकूण ११७६. इथवर बहुतेकांना जमतं, एवढंच की सबा (७) आणि सबैन (७०), समान (८) आणि समानीन (८०) यांत गल्लत होते.

पुढे मुलं पाठ केलेलं सूत्र लावतात: ११७६ अधिक ५९९, म्हणजे १७७५. सफर १७७५ चा धरला की तारीख एप्रिल १७७५ मध्ये पडते. चूक! शुहूर सन मृगात सुरू होतो, त्या काळी जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे ११७६ हे साल जून १७७५ ते जून १७७६ असं पसरलंय, आणि त्या अवधीत सफर महिना येतो तो १७७६ च्या मार्च-एप्रिलमध्ये. कागदाची तारीख एप्रिल १७७६ च्या पहिल्या आठवड्यातली ठरते. एक अख्खं वर्ष पुढे. नियम असा: मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. फसली सन, म्हणजे महसुली साल, असेल तर तसंच, ५९० आणि ५९१. आणि सूत्रावर थांबू नका, प्रत्येक तारीख जंत्रीत, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणाऱ्या पुस्तकात, पडताळा.

इंग्रजी कागद सोपे वाटतात, म्हणून तिथे कोणी तपासत नाही. १७५२ पर्यंत इंग्रज जुनं कॅलेंडर वापरत आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदले. पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्या कॅलेंडरवर होते. इंग्रजी वखारीच्या पत्रावर १० फेब्रुवारी १७३८ असेल, तर त्याच दिवशी गोव्यात लिहिलेल्या पत्रावर २१ फेब्रुवारी १७३९ असेल. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून "पोर्तुगीजांनी वर्षभराने उत्तर दिलं" असं लिहिणारा विद्यार्थी मी पाहिलाय. खरं सांगायचं तर तो विद्यार्थी मीच होतो, आणि मार्गदर्शकांनी नुसतं लाल पेन्सिलीने "२५ मार्च?" एवढंच लिहिलं होतं.

तपासा: नोंदवहीत तारखेला दोन रकाने हवेत. एकात कागदावर जशी आहे तशी, दुसऱ्यात बदललेली. पहिला रकाना रिकामा असलेली नोंद ग्राह्य धरू नका. मापांचंही तेच. खंडीचे वीस मण सगळ्यांना पाठ असतात, पण मण गावोगाव वेगळा असे. किलोत बदलून मूळ आकडा खोडणं हा गुन्हा समजा.

५. दफ्तरखान्यात (सातवा ते नववा आठवडा)

जाण्याआधी: विभागप्रमुखांचं सही-शिक्क्याचं पत्र, ओळखपत्राची प्रत, आणि विषय चार ओळींत. फोटो काढता येतात का, शुल्क किती, एका दिवसात किती रुमाल मिळतात, हे आधी फोन करून विचारा. पंधराजण एकदम नेऊ नका. चौघांचा गट, सलग तीन दिवस. पहिला दिवस सूची बघण्यात जातो, तो वाया गेला असं मुलांना वाटू देऊ नका.

रुमाल समोर आला की आधी गाठीचा आणि वरच्या चिठ्ठीचा फोटो, मग गाठ सोडायची. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने परत जायला हवेत. शाईचं पेन बॅगेत, टेबलावर फक्त पेन्सिल. चिकटलेली पानं फुंकर मारून सोडवू नका. आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायची जी आपल्याला लहानपणापासूनची सवय असते, ती दारातच सोडा. मी एका हुशार मुलाला याच कारणासाठी उठवून बाहेर बसवलेलं आहे.

प्रत्येक फोटोआधी एका कोऱ्या चिठ्ठीवर दफ्तर, रुमाल क्रमांक, कागद क्रमांक लिहून तिचा फोटो घ्या. "नंतर लिहू" म्हटलं की संध्याकाळी मोबाईलमध्ये तीनशे सारखेच पिवळे कागद उरतात आणि त्यातला एकही प्रबंधात वापरता येत नाही.

इशारा: हव्या त्या कागदाच्या मागचे-पुढचे दोन कागदही वाचा. पत्राचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

६. गावात, आणि मुंबईतही (दहावा ते बारावा आठवडा)

आता बस ठरवा. पावसाळ्यात नको. चतुर्थीचा मोह बहुतेकांना होतो, कारण चाकरमानी गावात असतात. पण त्या दिवसांत घरातल्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि तुम्ही प्रश्नावली घेऊन उभे! दोन फेऱ्या करणं उत्तम: चतुर्थीत एखाद-दोघांनी जाऊन फक्त ओळखी करायच्या, बाकीच्यांनी भातकापणी उरकल्यावर जायचं. आंगणेवाडीसारख्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते. तिच्यावर वेळापत्रक बांधत असाल तर आगाऊ आरक्षणं विसरा.

सरपंच, ग्रामसेवक आणि देवस्थानचे मानकरी, तिघांनाही आधी भेटा. नुसत्या सरपंचाला भेटून भागत नाही, कारण गावऱ्हाटीत, म्हणजे देवस्थानाभोवतीच्या गावच्या मानपानाच्या रीतीत, मान कोणाचा हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेलं नसतं.

संमतीचा कागद मराठीत हवा, आणि तो वाचून दाखवायचा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

प्रश्नांच्या क्रमावरच मुलाखत जिंकते किंवा बुडते. पहिलाच प्रश्न "जमीन किती?" असेल तर पडवीतलं वातावरण बदलतं. एका मुलीने असं विचारल्यावर आजी झाडणी न थांबवता म्हणाल्या, "घोव इलो की तेका इचार." (नवरा आला की त्याला विचार.) विषय संपला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी तांदूळ निवडायला बसली आणि सहज म्हणाली, "मुंबैक कोण कोण असत?" दोन तासांत तीन पिढ्या, गिरणीचं नाव, मनीऑर्डरी आणि शेवटी जमिनीची वाटणीही निघाली.

त्या उत्तरानेच पुढचं काम ठरतं. तुमचा प्रदेश जिल्ह्याच्या वेशीवर संपत नाही. लालबाग-परळच्या चाळींत गावमंडळांच्या खोल्या होत्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी गावची माणसं होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाल्यावर त्यातली किती गावाला परतली हे गावात विचाराच, पण मंडळाची जुनी इतिवृत्तं आणि पावतीपुस्तकं मिळाली तर ती सोन्यासारखी. दोन विद्यार्थी फक्त मुंबईच्या बाजूला लावा.

तपासा: रोज रात्री अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसून नोंदी पुऱ्या करायच्या. झोप अनावर होते, तरीही. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचे आवाज ओळखू येत नाहीत.

७. लिहिणं आणि ठेवणं (शेवटचे तीन आठवडे)

अहवाल कसा लिहावा यावर मार्गदर्शन भरपूर मिळतं, ते इथे उगाळत नाही. साहित्य ठेवण्याकडे मात्र कोणी बघत नाही. दरवर्षीची मेहनत कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमध्ये जाते आणि तो विद्यार्थी नोकरीला लागला की संपते.

फाइलचं नाव ठरावीक साच्यात: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याची आद्याक्षरं, अनुक्रम. मुलाखतीत दिलेली खरी नावं वेगळ्या यादीत, ती यादी कुलुपात. जमिनीच्या वादाबद्दल कोणी बोललं असेल तर नाव बदलून भागत नाही. वाडीही बदला, कारण तीस घरांच्या वाडीत "थोरल्या घरातली विधवा सून" म्हटलं की सगळ्यांना कळतं. दफ्तरखान्यातल्या कागदांचे फोटो वाचनालयात संदर्भासाठी ठेवायचे की नाही, हे त्या दफ्तरखान्याने दिलेल्या परवानगीत वाचा. छापायचे असतील तर परवानगी पुन्हा घ्यावी लागते.

एक प्रत वाचनालयात, एक विभागात, तिसरी गावात. गावात द्यायची प्रत इंग्रजी अहवालाची नको. मराठीत वीस-पंचवीस पानं, मोठ्या अक्षरांत, नकाशा आणि जुनी नावं घालून. ती द्यायला पोस्टाने पाठवू नका, दोघांनी घेऊन जा. चुका तिथेच, पडवीत बसल्या बसल्या दाखवल्या जातात. त्या पेन्सिलीने समासात लिहून आणा आणि वाचनालयातल्या प्रतीवर उतरवा.